क्योतोचं हेइआन जिंगू : शेंदरी देवळामागची बाग

आम्रमोहर (१९ एप्रिल)

क्योतोला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा. फुशिमी इनारीच्या कमानी, किंकाकुजीचे सोनेरी मजले, आराशियामाचं बांबूचं बन, ही नावं पहिल्या दमात येतात. हेइआन जिंगूचं नाव काढलं की "ते मोठ्या तोरीचं ना? बसमधून दिसलं होतं" एवढंच ऐकायला मिळतं. (तोरी म्हणजे देवळाच्या वाटेवरची कमान.) मला हे मनाला लागतं, म्हणून हा धागा.

ओसाकात राहायला आल्यापासून मी तिथे पाच वेळा गेले. शेवटच्या खेपेला, गेल्याच आठवड्यात, पुण्याहून आलेली आई बरोबर होती.

आधी थोडं देवळाविषयी. जिंगू म्हणजे शिंतो या जपानच्या मूळच्या धर्माचं देवस्थान, पण राजघराण्याशी नातं असलेलं. इथे दोन सम्राटांची पूजा होते. पहिला कानमू, ज्याने ७९४ साली हेइआन-क्यो, म्हणजे आजचं क्योतो, राजधानी म्हणून वसवलं. दुसरा कोमेई, ज्याची सगळी कारकीर्द क्योतोत गेली असा शेवटचा सम्राट. त्याच्या मुलाने, मेइजीने, १८६९ मध्ये तोक्योत बस्तान हलवलं आणि हजाराहून जास्त वर्षांचं राजधानीपण क्योतोच्या हातून गेलं. राजाबरोबर सरदार गेले, अधिकारी गेले, त्यांच्या जिवावर चालणारे विणकर, सोनार, मिठाईवाले यांचा धंदा बसला. राजवाड्याभोवतीची घरं ओस पडली.

त्या पडत्या काळात शहराने काय केलं, तर डोंगर पोखरून पलीकडच्या बिवा सरोवराचं पाणी कालव्याने गावात आणलं. त्या पाण्यावर वीज काढली, विजेवर ट्राम चालवली. आणि १८९५ साली, राजधानी वसवल्याला ११०० वर्षं झाल्याचं निमित्त धरून ओकाझाकी भागात देशाचं मोठं औद्योगिक प्रदर्शन भरवलं आणि तिथेच हे देऊळ बांधलं. म्हणजे देऊळ जेमतेम एकशेतीस वर्षांचं. ज्या शहरात हजार वर्षांची देवळं आहेत तिथे एवढं वय कुणी मोजत नाही. पण मला त्याचं मोल याच्यातच वाटतं. सगळं गेल्यावर बांधलेलं देऊळ आहे हे.

इमारत म्हणजे जुन्या राजवाड्यातल्या दरबाराची प्रतिकृती, मूळच्या पाच अष्टमांश मापाची. मूळ दरबार ११७७ च्या आगीत गेला तो पुन्हा उभा राहिलाच नाही. ओतेनमोन या दुमजली दरवाज्यातून आत शिरलं की पांढऱ्या बारीक खडीचं एवढं मोठं पटांगण लागतं की बोलणारी माणसं आपोआप हळू बोलायला लागतात. शेंदरी खांब, वर निळसर हिरवी चकाकणारी कौलं. समोरच्या दाइगोकुदेन या मुख्य दालनाच्या पायऱ्यांपाशी आपल्या उजवीकडे चेरीचं झाड आणि डावीकडे ताचिबाना नावाचं संत्र्याच्या कुळातलं झाड. गंमत म्हणजे उजवीकडच्या चेरीला ‘डावीकडची चेरी’ म्हणतात, कारण ती सम्राट बसतो तिथून मोजलेली आहे.

बहुतेक लोक इथवर येतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. बागेचं दार दाइगोकुदेनच्या डाव्या बाजूला आहे, छोटंसं. तिकीट ६०० येन होतं. बाग देवळाला तिन्ही बाजूंनी कवेत घेऊन आहे, जवळजवळ ३३,००० चौरस मीटर, म्हणजे आठ एकर. सातवे ओगावा जिहेई यांनी ती घडवली, आणि एकदम नव्हे, वीस वर्षांहून जास्त काळ हळूहळू. (सातवे म्हणजे घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं नाव. पहिल्या जिहेईंपासून माळीकामाचाच व्यवसाय.)

आम्ही गेलो तेव्हा दक्षिणेकडच्या बागेत झुकत्या फांद्यांची गुलाबी चेरी भरात होती. ही इतर चेरीपेक्षा उशिरा फुलते, त्यामुळे शहरातला पहिला बहर हुकला तरी इथे हाती लागतो. फांद्या इतक्या लांब आणि लवचीक की त्यांना बांबूच्या चौकटींचा आधार दिलाय. जाईचा वेल मांडवावर चढवतात ना, अगदी तसं, फक्त मांडव डोक्याच्या कितीतरी वर. त्याखालून चालताना फुलं कपाळाला लागत होती. आई दोन्ही हात मागे बांधून चालत होती. म्हटलं, असं का? म्हणाली, "हात मोकळे असले तर तोडायचा मोह होईल."

मग पश्चिमेचं तळं लागतं, ब्याक्को-इके. त्याच्या काठाला जूनमध्ये आयरिस फुलतात, सुमारे २०० जातींचे. एप्रिलमध्ये नुसती पाती होती, तलवारीसारखी. तिथून झाडीतल्या सावलीच्या वाटेने मधल्या बागेत आलो आणि ज्यासाठी मी आईला आणलं होतं ते दिसलं.

सोर्यू-इके या तळ्यात पलीकडे जायला पूल नाही, दगडांची रांग आहे. जात्याच्या तळीपेक्षा मोठे, गोल, वरून सपाट दगड, एका सरळ रेषेत नाहीत तर वळत वळत गेलेले. नाव गार्यूक्यो, म्हणजे पहुडलेल्या ड्रॅगनचा पूल. जिहेईंची कल्पना अशी की दगडांवरून जाणाऱ्याला खाली पाण्यात आभाळ दिसावं आणि आपण ड्रॅगनच्या पाठीवरून ढगांतून चाललोय असं वाटावं. पण मुख्य गोष्ट पुढेच आहे. हे दगड बागेसाठी घडवलेले नाहीत. ते तोयोतोमी हिदेयोशी या त्या काळच्या राज्यकर्त्याने १५९० च्या सुमारास कामो नदीवर बांधवलेल्या सान्जो आणि गोजो या पुलांचे खांब आहेत. पूल नवे झाले तेव्हा निघालेले ग्रॅनाइटचे खांब जिहेईंनी कापून पाण्यात उभे केले.

आईचे गुडघे दुखतात. मी म्हटलं, आपण काठाने जाऊ. ती थांबली, पहिल्या दगडाशी वाकली आणि त्यावर तळवा ठेवला. दगडाची कड झिजून मऊ झालेली, फटीत शेवाळ, वरच्या बाजूला छिन्नीच्या खुणा अजून दिसतात. "म्हणजे यावरून चारशे वर्षं माणसं गेली आणि अजून जातायत," म्हणाली. मग माझा हात धरून सहा दगड चालली, थांबली, परत आली.

आमचा नारायण पेठेतला वाडा पाडला तेव्हा मी दहावीत होते. सागवानी खांब, कोरीव तुळया, महिरपी, सगळं ट्रकमध्ये भरून गेलं. बिल्डिंग छान झाली, लिफ्ट आली. काठावरच्या बाकावर बसल्यावर आई बराच वेळ बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, "एक तरी खांब ठेवायला हवा होता गं. पार्किंगमध्ये का होईना."

पूर्वेच्या मोठ्या तळ्याबद्दल खाली प्रतिसादात लिहीन, फार लांबलं. कुणी गेलं असेल तर नक्की लिहा.

सह्यकडा (१९ एप्रिल)

फार सुंदर लिहिलंयत. कालव्याचा उल्लेख केलात म्हणून राहवत नाही. पाटबंधाऱ्यात नोकरी झाली, त्यामुळे क्योतोत मी देवळांपेक्षा जास्त वेळ त्या कालव्याच्या काठाने हिंडलो.

हा कालवा ज्यांनी बांधला ते तानाबे साकुरो तेव्हा विशीत होते. अभियांत्रिकीच्या पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला तो याच कालव्यावर. तो वाचून क्योतोच्या प्रशासनाने त्यांनाच कामावर घेतलं. १८८५ ला सुरुवात, १८९० ला पाणी आलं. त्यातला पहिला बोगदा २,४३६ मीटर लांबीचा, त्या वेळी जपानमधला सर्वात लांब. दोन्ही तोंडांकडून खोदत बसले असते तर फार वर्षं लागली असती, म्हणून डोंगरावरून मध्येच एक उभी विहीर खणली आणि तिच्या तळातून दोन्ही दिशांना खोदकाम केलं. विहीर उपसायचं आणि खणायचं काम एकाच वेळी चालू असताना काय हाल होतात ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तेही आमच्याकडे पंप होते तेव्हा.

मूळ बेत पाणचक्क्यांचा होता. काम चालू असतानाच तानाबे अमेरिकेत गेले, कोलोराडोतल्या अॅस्पेनला पाण्यावरची वीज पाहिली आणि बेत बदलला. १८९१ मध्ये केआगेचं वीजघर सुरू झालं. त्या विजेवर १८९५ मध्ये जपानमधली पहिली विद्युत ट्राम क्योतोत धावली. हेइआन जिंगूच्या दक्षिण बागेत एक जुनी ट्राम ठेवलीय ती पाहिलीत का? ती अगदी पहिल्या वर्षीची नाही, पण त्याच मार्गांवर धावलेली जुनी गाडी आहे आणि आता राष्ट्राचा महत्त्वाचा सांस्कृतिक ठेवा म्हणून जाहीर झालीय. फुलांच्या बागेत ट्राम कशाला, असं पुष्कळांना वाटतं. मला वाटतं तिची जागा तीच आहे. तळ्यांत पाणीही त्याच कालव्याचं आहे.

चाफेकळी (२० एप्रिल)

लेख आवडला, पण माझा अनुभव वेगळा आहे तो सांगते. आम्ही एका प्रवासी कंपनीबरोबर गेलो होतो. वीस मिनिटं दिली होती. बागेचं नावही कुणी काढलं नाही. मोठी तोरी पाहिली, ती काँक्रीटची निघाली. आत देऊळ, ते प्रतिकृती. तेव्हा मनात आलं की खऱ्या जुन्या वस्तू इतक्या असताना नकलेसाठी वेळ का घालवायचा. तू लिहिलेलं वाचून बागेची चुटपुट लागलीय हे खरं, पण देवळाबद्दल माझं मत अजून तेच आहे. कामो नदीच्या संगमावरच्या शिमोगामो या प्राचीन देवस्थानाच्या रानात जे वाटतं ते या पटांगणात नाही वाटलं.

आम्रमोहर (२० एप्रिल)

चाफेकळी, वीस मिनिटांत मलाही तसंच वाटलं असतं. शिमोगामोचं रान मलाही फार प्रिय आहे, त्याची आणि याची तुलनाच नको. तिथे देव आधी होता, शहर मागाहून आलं. इथे शहराने स्वतःची आठवण म्हणून देऊळ बांधलं.

तोरी १९२० च्या दशकाच्या अखेरीची, सुमारे २४ मीटर उंच, काँक्रीटचीच आहे. मला ती लांबून, कालव्यावरच्या पुलापलीकडून आवडते, जवळून नाही.

नकलेबद्दल एक सांगू? १९७६ च्या जानेवारीत, ६ तारखेला पहाटे इथे आग लावली गेली. देवळाचा गाभारा आणि आसपासच्या वास्तू जळाल्या. पुढचं दाइगोकुदेन वाचलं. इमारत तेव्हा संरक्षित वारशात नव्हती, म्हणून सरकारी मदत मिळण्यासारखी नव्हती. देशभरातून लोकांनी देणग्या दिल्या आणि १९७९ मध्ये ते पुन्हा उभं राहिलं. जे देऊळ लोक स्वतःच्या खिशातून पुन्हा बांधतात त्याला मला नक्कल म्हणवत नाही.

इतिहासाचा_विद्यार्थी (२० एप्रिल)

एक बाजू राहतेय ती मांडतो. १८९५ हे चीनवरच्या विजयाचंही वर्ष आहे. मेइजी सरकारने शिंतोला राज्याच्या हाताखाली घेतलं होतं, सम्राटभक्ती शाळेपासून शिकवली जात होती. अशा काळात सम्राटालाच देव म्हणून बसवणारं देऊळ उभं राहिलं. सम्राट कोमेईची स्थापना झाली १९४० मध्ये, म्हणजे युद्धाच्या ऐन काळात. डिसेंबर १९४५ मध्ये राज्य आणि शिंतो यांची ताटातूट केली गेली. बाग सुंदर आहे यात शंकाच नाही. पण देवळासमोर उभं राहताना हेही लक्षात असावं, एवढंच म्हणणं.

आम्रमोहर (२१ एप्रिल)

हे लिहिलंत ते फार बरं केलंत. माझ्या लेखात हे यायला हवं होतं.

माझ्या बाजूने एवढंच सांगते की आज तिथे जे चालतं ते वेगळं आहे. मी गेले तेव्हा एक लग्न होतं. वधू पांढऱ्या किमोनोत, डोक्यावर मोठी पांढरी टोपी, आणि एक आजी खडीवरून जाताना तिच्या किमोनोचा घोळ उचलून धरत होती, वाकून, अगदी दारापर्यंत. नव्या बाळाला घेऊन आलेली माणसं होती. परीक्षेसाठी लाकडी पाट्यांवर नवस लिहिणारी शाळेतली मुलं होती. कानमूचं नाव त्यातल्या किती जणांच्या मनात असेल कोण जाणे. म्हणून इतिहास पुसला जातो असं नाही, तुमचं म्हणणं मान्यच आहे.

बिल्वदल (२१ एप्रिल)

तळ्यांतल्या माशांबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही! मी गोड्या पाण्यातल्या माशांवर काम करते, आणि जपानी सहकाऱ्यांकडून या देवळाचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते बागेसाठी नाही, एका माशासाठी.

इचिमोन्जी-तानागो नावाचा एक छोटा मासा आहे. बोटभर लांब, अंगावर निळसर हिरवी एकच आडवी रेघ. ‘इचिमोन्जी’ म्हणजे एक हा आकडा, जपानीत तो आडव्या रेघेने लिहितात, त्यावरून नाव. हा मूळचा बिवा सरोवराचा. सरोवरात बाहेरून आलेले मोठे खादाड मासे, बास आणि ब्लूगिल, इतके वाढले की हा तिथून जवळपास नाहीसा झाला. पण कालव्याच्या पाण्याबरोबर तो कधीतरी हेइआन जिंगूच्या तळ्यांत येऊन पोचला होता, आणि तिथे तो टिकला.

आता हा टिकणं किती अवघड आहे ते सांगते. तानागोची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. ती जिवंत शिंपल्याच्या आत घालते, त्यासाठी तिला एक लांब नळी फुटते. पिल्लं शिंपल्याच्या पोटात वाढतात आणि पोहण्याइतकी झाली की बाहेर पडतात. म्हणजे मासा वाचायला शिंपला हवा, शिंपल्याला मऊ गाळ हवा. कुणी तळ्याचा तळ सिमेंटने ‘स्वच्छ’ केला असता तर संपलंच होतं. जिहेईंच्या मनात मासा नसेलही, पण त्यांनी तळं जसं राखलं तसंच पुढच्यांनी राखलं, म्हणून मासा वाचला.

आम्रमोहर, तुझ्या आईला सांग, पुलाचे खांबच नाहीत, सरोवरही तिथे ठेवलंय.

आम्रमोहर (२१ एप्रिल)

बिल्वदल, आईला फोनवर वाचून दाखवलं. तिने शिंपल्याचा भाग दोनदा वाचायला लावला.

आता पूर्वेचं तळं. सेइहो-इके हे सगळ्यांत मोठं. त्याच्यावर ताइहेइकाकु हा छप्पर असलेला लाकडी पूल आहे, दोन्ही कडांना बसायला बाकं, मधोमध वर छोटा मजला आणि त्यावर फिनिक्स. हा पूल क्योतोच्या जुन्या राजवाड्यातून उचलून इथे आणलाय. काठावरचा शोबिकान हा पाहुण्यांचा महालही तिथूनच आला. सम्राट निघून गेल्यावर जे ओस पडलं त्यातलं जमेल तेवढं इथे आणून मांडलं, असं मला तिथे बसल्यावर वाटतं.

पुलावर बसलं की तळ्यापलीकडे झाडी, झाडीच्या वर हिगाशियामाचे डोंगर. डोंगर बागेचे नाहीत, पण झाडांच्या रेषा अशा राखल्यात की ते बागेचेच वाटतात. इथे कार्प माशांना घालायला खाऊ विकत मिळतो. आम्ही बसलो होतो तेव्हा एका कासवाने दगडावर चढायचा तीनदा प्रयत्न केला, दोनदा घसरलं, तिसऱ्यांदा चढलं आणि मान लांब करून उन्हात बसलं. आईने टाळ्या वाजवल्या. शेजारच्या जपानी आजोबांनीही वाजवल्या.

गोदाकाठ (२३ एप्रिल)

आम्रमोहर ताई, आम्ही जूनमध्ये चाललोय, नाशिकहून. बरोबर सासरे आहेत, वय ७४, काठी घेऊन चालतात. काही प्रश्न : १) त्यांना बाग झेपेल का? २) शिंतो देवळात नमस्कार कसा करायचा? आपण केलेला चालतो का? ३) आम्ही शुद्ध शाकाहारी, आसपास काय मिळेल?

आम्रमोहर (२३ एप्रिल)

गोदाकाठ, बाग झेपेल. चढ नाही म्हणण्यासारखा. त्रास खडीचा होतो, काठी रुतते, म्हणून रबरी टोकाची काठी घ्या. दगडांची वाट काठाने टाळता येते. एकदा आत शिरलं की पश्चिमेकडून पूर्वेकडे असं एकाच दिशेने जायचं असतं, मध्ये बाकं आहेत. घाई करू नका, दीड तास ठेवा. तोझाई मेट्रोच्या हिगाशियामा स्टेशनवरून दहा मिनिटांची चाल आहे, पण आजोबांसाठी बस बरी, ओकाझाकी-कोएनला उतरा.

नमस्कार जरूर करा, कुणी धर्म विचारत नाही. आधी हात धुवायचे. उजव्या हातात पळी धरून डावा हात, मग डाव्यात धरून उजवा, मग पळी पुन्हा उजव्या हातात धरून डाव्या तळव्यात पाणी घेऊन चूळ, पळीला तोंड लावायचं नाही. देवासमोर नाणं टाकायचं, दोनदा कमरेतून वाकायचं, दोनदा टाळी वाजवायची, हात जोडून मनात काय ते बोलायचं, शेवटी एकदा वाकायचं. माझी आई टाळ्यांनंतर जोडलेले हात कपाळाला लावते. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी ते पाहिलं आणि त्यांनीही लावले.

खाण्याचं अवघड आहे. भाज्यांच्या रश्श्यातही माशाचा अर्क असतो, त्याला दाशी म्हणतात. तोफूच्या बशीवर माशाचे पातळ काप भुरभुरलेले असतात. "दाशीसुद्धा नको" हे जपानीत कागदावर लिहून न्या. नान्झेनजी या बौद्ध देवळाच्या बाजूला गरम तोफूची जुनी दुकानं आहेत, तिथेही दाशीचं विचाराच. आम्ही थेपले आणि मेतकूट-भाताचा डबा नेला होता, तो बागेबाहेर कालव्याच्या कठड्यापाशी बसून खाल्ला. बागेत खाऊ नका.

सह्यकडा (२३ एप्रिल)

गोदाकाठ, वेळ असेल तर तिथूनच चालत नान्झेनजीच्या आवारात जा. देवळाच्या मधूनच विटांच्या कमानींवरून कालव्याची एक शाखा जाते. पूल १८८८ चा आहे, पाणी अजून वाहतंय. सासऱ्यांना आवडेल.

आणि वाटेतच मुरिन-आन आहे, जिहेईंनी यामागाता आरितोमो या नेत्यासाठी घडवलेली बाग. तिथेही तेच कालव्याचं पाणी, पण तळ्यापेक्षा भर उथळ झऱ्यांवर. पाण्याचा आवाज हाच त्या बागेचा विषय आहे. हेइआन जिंगूत पाणी शांत आहे, इथे ते बोलतं. दोन्ही एकाच दिवशी पाहिल्यावर मला जिहेई थोडेफार कळले असं वाटलं.

पारिजातक (२४ एप्रिल)

मी ऑक्टोबरमधला जिदाई मात्सुरी पाहिलाय, २२ तारखेचा. क्योतो राजवाड्यापासून निघून मिरवणूक याच देवळात येते. दोन हजार माणसं, प्रत्येक काळाच्या वेशात, आणि क्रम उलटा : मेइजीच्या उंबरठ्यावरचे सैनिक आधी आणि मागे मागे जात शेवटी कानमूच्या काळचे लोक. वेश नाटकासारखे नाहीत. रंगकाम, विणकाम त्या त्या काळच्या पद्धतीचं करायचा आटापिटा असतो. हाही १८९५ पासूनचा. विणकरांचं काम गेलं होतं असं वर लिहिलंय ना, त्यांच्या हातांना या मिरवणुकीनेच काम दिलं असणार, असं मला वेश जवळून पाहताना वाटलं.

पुण्यातली जपानी बाग म्हणजे सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान अनेकांनी पाहिलं असेल. ते ओकायामाच्या कोराकुएनच्या धर्तीवर केलेलं आहे. तिथे मोकळी हिरवळ, दूरवर नजर जाते. हेइआन जिंगूची बाग त्याच्या उलट, एका वळणावर एकच गोष्ट दाखवते. पुणेकरांनी "जपानी बाग पाहिलीय" म्हणून ही सोडू नये.

चाफेकळी (२४ एप्रिल)

मी माझं मत थोडं बदलते. शिंपल्याच्या पोटात वाढणाऱ्या पिल्लांनी बदललं म्हण. पुढच्या वेळी स्वतंत्र जाईन.

गोदाकाठ (१४ जून)

काल जाऊन आलो. लिहायला बसले तेव्हा हा धागा पुन्हा पूर्ण वाचला.

पाऊस होता, बारीक. आयरिस पूर्ण फुललेले, जांभळे, पांढरे, काही पांढऱ्यावर निळ्या शिरा असलेले. पावसाने पाकळ्या पाण्याकडे लोंबत होत्या. मधल्या तळ्यात कमळिणी होत्या. खडी ओली असल्याने काठी कमी रुतली, रबरी टोक फार कामाला आलं. नान्झेनजीच्या कमानींखाली सासरे अर्धा तास उभे होते, सह्यकडांना नमस्कार सांगितलाय.

ड्रॅगनच्या दगडांपाशी आम्ही काठानेच जायचं ठरवलं होतं. सासऱ्यांनी आयुष्यभर गवंडीकाम केलंय, गोदावरीच्या घाटावरसुद्धा. त्यांनी काठी माझ्याकडे दिली, उकिडवे बसले आणि पहिल्या दगडाच्या कडेवरून अंगठा फिरवला. म्हणाले, "टाकी धरणारा हात चांगला होता." मग दगडावरचं पावसाचं पाणी तळव्याने पुसलं आणि उठले.

मासा दिसला नाही. पाणी गढूळ होतं, शिंपलेही दिसले नाहीत. परत जाताना दाराशी त्यांनी विचारलं, तो कुठल्या तळ्यात असतो. मी म्हटलं माहीत नाही. बिल्वदल, सांगशील का? त्यांना लिहून ठेवायचंय.